अमरदीपची मूठ

अमरदीप मार्चमध्ये यायचा, तो जानेवारीतच आला. चौदाशे ग्रॅमचा. वाशिमच्या दवाखान्यात तेवीस दिवस तो काचेच्या पेटीत होता. ते तेवीस दिवस त्याची आई रूपाली बाहेरच्या बाकावरच जेवली, झोपली आणि वाटीत दूध काढून आत पाठवत राहिली.

सोळाव्या दिवशी नर्सबाईंनी बाळाच्या आजोबांना आत येऊ दिलं. पुंजाजी इंझोरीचे शेतकरी, बासष्ट वर्षांचे, बोलायला तुटक. बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घातलं आणि नातवाच्या तळहाताला टेकवलं. काडीएवढी बोटं त्या बोटाभोवती मिटली. पुंजाजींनी बोट हळूच मागे ओढलं, तर पोराचा हातही सोबत उचलला गेला.

बाहेर येऊन ते सुनेला म्हणाले, "रडू नोको पोरी. त्यानं मले धरलं. हे लेकरू कुठी जात नाही."

लेकरू खरंच कुठे गेलं नाही. घरी आलं, बारसं झालं, गालही जरा भरले. कोणी पाहायला आलं की पुंजाजी चहाच्या आधी सांगायचे, "बोट दे त्याच्या हातात. पाह्य कसा धरते!" पाहुणा बोट द्यायचा आणि सोडवून घेताना हसायचा. पुंजाजींचा दोस्त भिवाजी तर म्हणाला, "बैलाची येसन पकडनार हे पोट्टं."

सातव्या महिन्यातही अमरदीप तसाच धरत होता. फक्त रूपालीला त्याचं कौतुक वाटेनासं झालं होतं. मूठ सतत मिटलेली, अंगठा आत दाबलेला. ती रोज अंगठा हलकेच वर करून आत कापूस फिरवायची. गोधडीचे धागे निघायचे, वाळलेलं दूध निघायचं, तळहाताला आंबट वास असायचा. पोराची मान बहुतेक वेळ उजवीकडे वळलेली असायची. मान तिकडे गेली की उजवा हात काठीसारखा सरळ व्हायचा आणि डावा कोपरात दुमडून कानापाशी जायचा. ताटावर ताट आदळलं तर दोन्ही हात फेकून असा दचकायचा, की पुढचा अर्धा तास रडणं थांबायचं नाही.

बाळाला न्हाऊ घालायला शेजारच्या धुरपताबाई यायच्या. एक दिवस त्या पाटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "रूपाली, माह्या हातून लय लेकरं निंघाले व. पान्यात लेकरू सैल पडते. हे अंग आखडते."

रूपालीनं रात्री नवऱ्याला सांगितलं. हरीओम म्हणाला, "कमी दिवसाचं हाय. लागन थोडा टाइम." मग तो झोपला. ती जागी राहून अंधारात पोराचं बोट न् बोट चाचपत राहिली.

पोळा झाल्यावर गावच्या आशा कार्यकर्त्या लिलाबाई घरी आल्या. त्यांनी अमरदीपला बाजेवर उताणं निजवलं, आपल्या हातातली लाल बांगडी काढून त्याच्या तोंडासमोर, जरा बाजूला धरली. पोरानं बांगडी पाहिली. डोळे चमकले. पाहायला मान वळली, आणि मान वळताच हात बांगडीपासून लांब, बाजूला ताणला गेला. लिलाबाईंनी बांगडी दुसऱ्यांदा धरली. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा पोरगं चिडून रडलं.

"त्याले पाह्यजे हाय बांगडी," रूपाली हळूच म्हणाली.

"पाह्यजे हाय. पन हात आयकून नाही राह्यला," लिलाबाई म्हणाल्या. "याले वाशिमले नेऊन दाखवा. लहान लेकरायची तपासनी होते तिथं."

पुंजाजी दारातूनच बोलले, "काहून दाखवाचं? सगळ्या गावात याच्यासारखी पकड नाही कोन्या लेकराची."

"म्हूनच दाखवाचं, भाऊ," लिलाबाई म्हणाल्या आणि बांगडी हातात चढवली.

हरीओम तेव्हा मळणीयंत्रावर कामाला होता, आज या गावी तर उद्या त्या. म्हणून पुंजाजीच सुनेसोबत निघाले. मंगरूळपीरला बस बदलली. वाटेत ते पोराच्या डोक्यावर ऊन आलं की उपरण्याचा पदर धरायचे.

तपासणीच्या खोलीत फरशीवर निळी गादी होती आणि गादीवर रंजीता मॅडम बसल्या होत्या. मुलांना व्यायाम देणाऱ्या, तिशीच्या, मानोऱ्याजवळच्या तांड्यावर वाढलेल्या. त्यांनी रूपालीलाही खालीच बसायला सांगितलं. पाऊण तास त्या अमरदीपसोबत खेळल्या. तळहाताला बोट लावून पाहिलं, मान इकडून तिकडे वळवली, उशीसकट उचलून थोडं झटकन खाली आणलं. प्रत्येक वेळी पोराचं अंग काय करतं ते वहीत लिहिलं.

मग त्या बोलल्या. "ताई, लेकरू जन्माले येते तवा काही हालचाली पोटातूनच घेऊन येते. कोनं शिकवल्या नसतात. तळहाताले काही लागलं की मूठ मिटते. मान वळली की त्या अंगचा हात लांब होते. आवाज झाला की हात फेकते. सुरवातीले ते चांगलंच असते, मेंदू काम करून राह्यला याची निशानी असते. पन चार-सहा महिन्यात त्या मागं पडाले पाह्यजेत. त्या मागं पडल्या की लेकराची सोताची हालचाल येते. मंग ते पाह्यजे ते पकडते, नको ते सोडते, कुशीवर वळते."

"याच्या?" रूपालीनं विचारलं.

"याच्या अजून मागं पडल्या नाहीत. दोन महिने आधी झालं, ते दोन महिने वजा केले तरी उशीर हाय. मेंदूले कुठं तरी त्रास झाला अशीन. डॉक्टर पाहतीन, आनखी तपासन्या होतीन."

"चालन ना?"

रंजीता मॅडमनी वही मिटली. "आज मले सांगता येत नाही, ताई. खोटं सांगनार नाही. पन लवकर आनलं तुमी. हे वय कामाचं हाय."

पुंजाजी भिंतीला टेकून उभे होते. "मॅडम, ते पेटीत होतं तवा मी बोट देल्लं होतं. त्यानं धरलं होतं. त्याले मालूम नोतं का, कोन हाय ते?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही बाबा. कोनाचंबी बोट असतं तरी धरलं असतं."

पुंजाजींनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. शेतांमध्ये सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. रूपालीच्या मांडीवर अमरदीप उजवीकडे मान करून झोपला होता.

त्यानंतर पुंजाजींनी नातवाला हात लावला नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. ते सकाळी वावरात जायचे, जेवून ओसरीत बाज विणत बसायचे. गावातल्या जुन्या बाजा ते हौसेनं विणून द्यायचे. रूपाली एकटीच मॅडमनी दाखवलेलं करत राहिली. मूठ जबरदस्तीनं उघडायची नाही. करंगळीच्या बाजूनं हाताच्या मागे हळू हात फिरवायचा, मग बोटं आपोआप सैल पडतात. कुशीवर निजवून पाठीशी कापडाची गुंडाळी लावायची, म्हणजे दोन्ही हात छातीपुढे येतात. डावीकडून हाक मारायची. दिवसातून पाच वेळा. स्वयंपाक, धुणी, गोठा, आणि पाच वेळा.

मग सोयाबीन सोंगायचे, कापणीचे दिवस आले. मजूर मिळत नव्हते, तिला वावरात जाणं भाग होतं. ती ओसरीत जाऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"मामाजी, तुमी त्याले हात लावत नाही काहून?"

पुंजाजी सुतळी ओढता ओढता म्हणाले, "त्याले मालूमच नोतं, पोरी. मी साऱ्या गावाले सांगत फिरलो. हसून राह्यले असतीन लोक."

"तुमाले लोकायचं पडलं?"

"लोकायचं नाही." त्यांनी सुतळी खाली ठेवली. "मले वाटलं होतं, त्या पेटीत ते एकटं होतं अन् त्यानं मले वळखलं."

रूपालीला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण सून सासऱ्याच्या पाठीवर हात कसा ठेवणार? तिनं काखेतलं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तवा नोतं मालूम. आतातरी मालूम करून द्या. मी वावरात जाऊन राह्यली. दूध चुलीपाशी हाय."

आणि ती खरंच निघून गेली. वेशीपर्यंत जाऊन तिला परत फिरावंसं वाटलं. ती फिरली नाही.

पुंजाजींनी पहिले दोन दिवस पोराला नुसतं मांडीवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला व्यायाम विचारले. चौथ्या दिवशी रूपाली वावरातून आली तर बाजेची दिशा बदललेली.

"हे काय केलं, मामाजी?"

"बाज भितीले लागून होती. पोराच्या डाव्या अंगाले नुसती भीत. मानसं, दार, उजेड, बकऱ्या, सारं उजवीकडं. मंग ते डावीकडं पाहीन कायले?" त्यांनी पोराचं उसं पायथ्याकडे केलं होतं, त्यामुळे भिंत उजवीकडे गेली. आता दार डाव्या हाताला होतं.

पुंजाजी मूळचेच मोजूनमापून काम करणारे. दोन जुन्या लुगड्यांची घट्ट गुंडाळी करून त्यांनी ती सुतळीनं शिवली, पोराच्या पाठीशी नीट बसेल एवढीच. तळहातावर रोज वेगळं काही फिरवायचे: कापूस, कणसाची हिरवी पात, मऊ दोरी, थंड वाटी. फिरवताना त्याच्याशी बोलायचे. "हे गार हाय. हे खरबड हाय. घे, पाह्य." इतकं बोलणं घरात त्यांच्याकडून कोणी ऐकलं नव्हतं.

रूपालीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. झोळीत अमरदीप वेगळा असायचा. आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत त्याची पाठ गोल व्हायची, खांदे पुढे यायचे, मान मधोमध राहायची, आणि मग हात आपसूक तोंडापाशी पोहोचायचे. एकदा तर त्यानं झोळीतच अंगठा चोखला. महिन्याच्या फेरीला तिनं भीत भीत रंजीता मॅडमना सांगितलं. शहाणपण केलंसं वाटेल अशी तिला धास्ती होती.

मॅडम एकदम हसल्या. "ताई, हे मी तुमाले सांगनारच होती. तुमी सोताच शोधलं. जागं असतानी थोडा वेळ ठेवत जा, कोनीतरी जवळ बसून. झोपीत मातर नाही."

हिवाळ्यात दिवसागणिक काही दिसायचं नाही. दिसायचं ते पंधरा दिवसांनी, मागे वळून पाहिलं की. ताट पडल्यावर अमरदीप दचकायचा, पण हात फेकणं कमी झालं. मूठ झोपेत उघडी राहू लागली. मधे ताप आला आणि सगळं पुन्हा आखडलं. त्या आठवड्यात हरीओम म्हणाला, "कायले रोज लेकराले तरास देता?" त्यावर पुंजाजी मुलाला म्हणाले, "तू मशीनवर जाय. हे आमचं दोघायचं काम हाय." मग सरकून जागा करत म्हणाले, "नाहीतं बस इथं. मी शिकवतो." हरीओम बसला. त्याच्या जाड हातांना ते काम येईना, पण तो बसला.

संक्रांतीनंतर एका सकाळी पुंजाजी बाजेशेजारी खाली बसून, बशीवर वाकून चहा पीत होते. अमरदीप कुशीवर होता. बशीवरून वाफ निघत होती. पोरगं बशीकडे बघत होतं, मग पुंजाजींच्या पांढऱ्या टोपीकडे बघू लागलं. बघता बघता त्याचा डावा हात छातीपासून सुटला, हवेत डगमगला, एकदा चुकला, आणि टोपीच्या टोकाला लागला. बोटं मिटली. टोपी खाली आली. अमरदीपनं ती क्षणभर धरली, तिच्याकडे पाहिलं, आणि सोडून दिली.

पुंजाजींनी टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली आणि खाली वाकले. पोरानं पुन्हा ओढली. पुन्हा सोडली.

रूपाली चुलीपासून धावत आली तेव्हा बशीतला चहा सगळा धोतरावर सांडला होता आणि सासरे उघड्या डोक्यानं बसले होते. "भाजलं का?" तिनं विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

महिनाभरानं अमरदीप पालथा पडला. इतर लेकरं चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतात. तो तेरा महिन्यांचा होता. दारातून बकरी आत डोकावली, त्यानं डावीकडे पाहिलं, पाय उचलला आणि अंग त्या बाजूनं कलंडलं. पण डावा हात पोटाखाली अडकला. तोंड गोधडीत गेलं आणि तो कुरकुरायला लागला.

रूपाली उचलायला झेपावली.

"थांब," पुंजाजी म्हणाले. त्यांचे स्वतःचे हात पुढे आलेले होते; त्यांनी ते मागे घेऊन मांड्यांवर दाबून धरले. "रडून नाही राह्यला. थांब जरासाक."

अमरदीपनं मान उचलली. ती थरथरली, खाली गेली. पुन्हा उचलली. खांदा हलला, कोपर हललं, अडकलेला हात बोटभर सरकला, थांबला, आणखी सरकला, आणि सुटून बाहेर आला. दोन्ही कोपरांवर टेकून त्यानं समोर पाहिलं. बकरी अजून दारातच होती.

आज तो तीन वर्षांचा आहे. एका पायाची टाच नीट टेकत नाही म्हणून बुटात पट्टी आहे. उजवा हात सावकाश चालतो. दोन महिन्यांनी एकदा वाशिमची फेरी असते. बोलणं मात्र भरपूर, आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. अंगणवाडीत त्याला पुंजाजी नेतात. वाटेत तो हात धरू देत नाही.

"आबा, तुमी मागून या," म्हणतो आणि चिखलातून पुढे निघतो.