न वाजवलेलं मडकं

उंबरगडात मडकं घेण्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक मडकं उचलतं, कानाशी धरतं, बोटाच्या पेराने टकटक वाजवतं, तोंड वाकडं करतं, दुसरं उचलतं, तेही वाजवतं आणि शेवटी पहिल्याचाच भाव पाडून मागतं. असं न करणारं गिऱ्हाईक एकाच प्रकारचं. ते येतं, मागच्या भिंतीकडच्या रांगेतलं मडकं उचलतं, वाजवत नाही, भाव विचारत नाही, वळून बघत नाही. त्याच्या घरी माणूस गेलेलं असतं. अशा वेळी कुंभाराने 'कोण गेलं' असं विचारायचं नाही. ओठ मिटायचे आणि चाक थांबवायचं.

मंगळवारी सकाळी हिरामण कुंभाराच्या अंगणात क्षिप्रा आली. वरच्या आळीतल्या विश्वंभरतात्यांची सून. नेरूळला राहणारी, सासऱ्यांना ताप भरला म्हणून नवऱ्यासोबत दोन दिवसांपूर्वी गडावर आलेली. पुढच्या रांगेवर मैनाने मिरच्या वाळत घातल्या होत्या, म्हणून ती सरळ मागच्या भिंतीकडे गेली. एक मडकं उचललं, काखेत मारलं. "काका, हे घेते हं," एवढं म्हणून पाटावर नोट ठेवली, उडू नये म्हणून वर खडा ठेवला आणि चढणीला लागली. जवळजवळ पळतच. मागे वळून न बघता.

हिरामणने चाक थांबवलं. चाकावरचा ओला घडा एका अंगाला कलला आणि हळूहळू बसला.

"अवो, काय झालं?" मैनाने दारातून विचारलं.

"तात्या गेले."

"कोण बोललं?"

"कोणच बोललं न्हाय. म्हणून तर."

मैनाने मागच्या रांगेकडे बघितलं. एक जागा रिकामी होती. तिने पदर डोक्यावर घेतला.

आता हिरामणला जे वाटलं, ते निव्वळ दुःख होतं असं म्हणता येणार नाही. तात्यांच्या सुपारीच्या वाडीखाली एक तळी होती. होळीनंतर ती आटली, की तिच्या तळातून लोण्यासारखी काळी माती निघे. हिरामणचं घराणं त्या मातीवर उभं होतं. त्याला कागद नव्हता, तात्यांचा शब्द होता. पण तात्यांच्या मुलाला, सलिलला, तळी रिसॉर्टवाल्यांना द्यायची होती. रिसॉर्टवाले तिथे पोहण्याचा तलाव बांधणार होते आणि तलावाच्या काठावर 'मातीशी नातं' नावाचं दालन. तिथे पाहुण्यांनी चाकाला हात लावून फोटो काढायचे. त्यासाठी लागणारी माती गुजरातहून पिशव्यांतून यायची होती. हिरामणलाही ते विसरले नव्हते. त्याने फेटा बांधून कोपऱ्यात बसायचं होतं, जमल्यास हसायचं होतं.

त्याच दुपारी देवळात गावसभा होती. 'तळी द्यायची नाही' असं तात्या सभेत उभं राहून सांगणार होते. तसा त्यांनी शब्द दिला होता.

"वरून रडण्याचा आवाज न्हाय आला," मैना म्हणाली.

"दाबलंय. सभा होईस्तो दाबून ठेवणार. सलिल उभा ऱ्हाणार, बोलणार, बाबांना बरं न्हाय, पण बाबांचा होकार हाय. सह्या झाल्या की संध्याकाळी रडायला मोकळे."

"असं कोण करतं का?"

"रिसॉर्टवाल्यांची गाडी निघाली असंल अलिबागहून. तू बस इचार करीत."

हात तसेच चिखलाचे घेऊन तो निघाला. जांभ्याच्या पायऱ्यांवर त्याला टेम्पोवाला सदू भेटला.

"हिरामणदादा, सकाळी सकाळी कुठं?"

"कुणाला बोलू नको."

"काय बोलू नको ते तरी बोल."

हिरामणने सांगितलं. सदूने छातीवर हात ठेवून आईची शपथ घेतली. ती त्याने पाळलीही. त्याने फक्त सगुणाबाईला सांगितलं. सगुणाबाईही पक्की. गिरणीपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. गिरणीत मात्र दळणाच्या रांगेत बरेच जण होते.

तात्यांच्या ओटीवर सलिल फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. हिरामणला बघताच त्याने आवाज खाली आणला. "नंतर करतो," म्हणून फोन बंदच केला.

"काका, आत्ता नको."

"तात्यांना बघायचंय."

"झोपलेत."

"कवापासून?"

"म्हणजे काय? ताप आहे, गोळी दिलीय, झोपलेत. सभेला येणार नाहीत ते. मीच बोलणार आहे."

"काय बोलणार?"

सलिलने फोन खिशात घातला. हिरामणने त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. ओटीच्या टोकाला तात्यांच्या खोलीचं दार बंद होतं. आत कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं, भांडं सरकवल्याचा आवाज येत होता. आणि दाराखालून पाण्याची एक धार बाहेर येत होती. ती संथपणे फरशीवरून पायऱ्यांकडे निघाली होती.

घरच्या घरी, गुपचूप, तात्यांना शेवटची आंघोळ घालत होते.

"सलिल," तो म्हणाला, "बापाला असं चोरून न्हाय रे न्यायचं."

"काय?"

"दार उघड."

"काका, हात लावू नका दाराला. तुमचे हात बघा आधी."

"उघड बोलतो ना!"

सलिल दाराला पाठ लावून उभा राहिला. हिरामणने त्याचा दंड धरला; पांढऱ्या शर्टावर काळी पाच बोटं उमटली. दोघे एकमेकांना ढकलत असतानाच फाटक वाजलं. सलिलने मान वळवली आणि त्याचा चेहराच पडला.

अंगणात गाव आला होता. पुढे सगुणाबाई, पदर तोंडात. मागे गिरणीतली मंडळी, कुणाच्या केसांत अजून पीठ. सदूच्या खांद्यावर हिरवे, ताजे बांबू. अशा कामात त्याची घाई सगळ्या गडावर नावाजलेली होती. सगुणाबाईने पहिला सूर लावला आणि बाकीच्यांनी तो उचलला.

तेवढ्यात खोलीचं दार आतून उघडलं.

दारात विश्वंभरतात्या उभे होते. कानाला मफलर, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, हातात मडकं. त्यांच्यामागे क्षिप्रा, हातात फरशी पुसायचं फडकं.

सगुणाबाईचा सूर मध्येच तुटला.

"कोण गेलं?" तात्यांनी विचारलं.

सदूने बांबू पाठीमागे लपवले; बांबू सदूपेक्षा बरेच उंच होते. तात्यांनी ते बघितले, जमलेल्यांची तोंडं बघितली.

"मी?"

"तात्या," हिरामण म्हणाला, "वहिनींनी मडकं वाजवलं न्हाय."

"वाजवतात?" क्षिप्राने विचारलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

तात्या हिरामणकडे वळले. "रडायला आलास, की मातीसाठी आलास?"

"दोनी होतं," हिरामण म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "आदी माती होती."

तात्यांनी मान हलवली. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. "फ्रीजचं पाणी घशाला लागतं. सुनेला म्हटलं, हिरामणकडचं मडकं आण, चार दिवस जगेन. हे बघ." त्यांनी मडकं वर धरलं. बुडाकडून थेंब थेंब गळत होतं. "अख्खं अंथरूण भिजलं."

सलिल आता सावरला होता. दंड चोळत तो पुढे आला.

"बाबा, मी हेच तर सांगतोय. तळीतली माती आता पूर्वीची राहिली नाही. यांचीच मडकी गळायला लागलीत. कशासाठी राखायची ती? सगळे आहेतच इथे. सगळ्यांसमोर काय ते सांगून टाका."

बोलणं वावगं नव्हतं, हीच पंचाईत होती. गावाने एकदम हिरामणकडे बघितलं.

"जाळ कमी पडला असंल भट्टीत," हिरामण म्हणाला.

"कुठल्या भट्टीत?" सगुणाबाईने लगेच विचारलं. "माझा माठ तुझ्या ह्याच भट्टीतला. थेंब गळत न्हाय."

"आमचा पण," कुणीतरी म्हणालं.

"मग हेच का गळतं?" तात्यांनी विचारलं.

हिरामणच्या हातांवरचा चिखल वाळून तडकू लागला होता. तो ओरबाडत हिरामण उभा होता. माती वाईट म्हणावी, तर तळी आत्ता, याच ओटीवर जात होती. माती चांगली म्हणावी, तर पुढचा प्रश्न येणार होता. सलिल वाट बघत होता. तात्याही.

"माती चांगली हाय," तो म्हणाला. "वहिनींनी मागच्या रांगेतलं नेलं."

"बरं. मग?"

"भट्टीत चीर गेलेली मी तिथं ठेवतो. ती रांग कोण वाजवीत न्हाय." त्याने चिखलाची एक खपली काढली. "फोडायचीच असतात ना."

त्या अंगणात असा एकही माणूस नव्हता, ज्याने त्या रांगेतलं मडकं कधी नेलं नव्हतं.

"म्हंजे माझ्या म्हाताऱ्याला..." सगुणाबाईचं वाक्य पुरं झालं नाही.

"आईच्या वेळी पाणी वाटेतच संपलेलं," सदू हळूच म्हणाला. "आमी बोललो, आईची कायतरी इच्छा राहिली. भटजींनी शांत सांगितली. केली आमी शांत!"

त्याने बांबू खाली टाकले. हिरामणला बाहेर जायची वाट त्या माणसांमधून होती आणि कुणी सरकत नव्हतं. कुणीतरी आईवरून शिवी दिली.

"थांबा," तात्या म्हणाले. मडक्यातलं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. "सलिल, मातीत खोट नाही. ज्याला खोटं बोलून सुटता आलं असतं, त्यानेच सगळ्यांदेखत सांगितलं. तळी द्यायची नाही. सभेत हे तू सांगायचंस, मला ताप आहे. आणि हे सगळे ऐकायला आहेतच."

"बाबा, ती माणसं निघालीत अलिबागहून."

"येऊ देत. चहा कर त्यांना."

हिरामण पुढे होऊन वाकला. तात्यांनी पाय मागे घेतला.

"माती ने. खालच्या वाटेने ने. पण मी बोलावल्याशिवाय ह्या दारात यायचं नाही. आणि मी बोलावेन, असं धरून चालू नकोस."

लोकांनी वाट दिली, एका माणसापुरती. तिच्यातून जाताना कुणी त्याला हात लावला नाही, ओळखही दाखवली नाही.

तो घरी गेला नाही. खालच्या वाटेने तळीत उतरला. काठावर त्याचीच कुदळ पडलेली होती. माती ओली, थंड होती आणि कुदळीला सोडत नव्हती. त्याने पहिला ढिगारा काढला, दुसरा काढला. वरच्या पायऱ्यांवरून पावलं उतरत होती. पुष्कळ पावलं, कुणी बोलत नव्हतं. ती कुंभारवाड्याकडे वळली.

मग मडकं फुटल्याचा आवाज आला. मागोमाग दुसरं. मैना काहीतरी ओरडली, मग तिचाही आवाज आला नाही. मडकी फुटत होती, घाईने नाही, एकेक करून, जणू प्रत्येक जण आपलं आपलं उचलून फोडत होता. चीर गेलेलं मडकं बद्द आवाजात फुटतं. दुरूनही ते त्याला कळत होतं.

शेवटचं फुटलं. हिरामण कुदळ धरून तसाच वाकलेला राहिला. मागच्या रांगेनंतर पुढची रांग होती, खणखणीत मडक्यांची, मिरच्यांखाली झाकलेली. तो ऐकत राहिला. वाडीत सुपारीची एक झावळी गळून पडली, तेवढ्यानेही तो दचकला.

पावलं पुन्हा वाजली. या वेळी देवळाच्या दिशेने. सभेची वेळ झाली होती.

त्याने श्वास सोडला आणि कुदळ उचलली.