भिंतीवरचं बटण

बाबांचं पालुपद एकच. "माझे कान ठणठणीत आहेत. रेडिओचाच आवाज गेलाय."

रेडिओ आजोबांच्या वेळचा. लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह, तापून बोलायलाच वेळ लागायचा. डायलवरचा दिवा कधीचाच गेलेला. आवाजाचं बटण फिरवलं की आधी खरखर, मग एकदम गप्प. म्हणजे बाबा अगदीच खोटं बोलत नव्हते, आणि तेच माझ्या मुळावर आलं होतं.

दिवसभर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून माझा घसा बसायचा. घरी येऊन त्याच घशाने "जेवायला चला" म्हणून ओरडत राहायचं. शेवटी बाबा म्हणायचे, "मग मघाशीच नाही का सांगायचं?" अशा वेळी वाटायचं, परत दुकानात जावं आणि ताग्यांवर आडवं व्हावं.

कानाचं यंत्र मी केव्हाच आणलं होतं. ते टेबलाच्या खणात पडून होतं. अखेर आमची पैज लागली. रेडिओ दुरुस्त करून आणायचा, आणि तरीही ऐकू आलं नाही तर बाबांनी निमूटपणे यंत्र लावायचं.

दुरुस्तीवाल्याने पेटीचं मागचं झाकण काढलं, बटणाची दांडी फिरवून पाहिली.

"ताई, आतली काळी पट्टी पार झिजलीय. आवाजाचा हा कंट्रोल बदलावा लागेल. पण एक आहे. जुन्यात बटण फिरवलं की टक् करून रेडिओच चालू व्हायचा. तसला माझ्याकडे नाही. नव्याने फक्त आवाज कमी-जास्त होईल. चालू-बंद भिंतीवरून करा."

"चालेल," मी म्हटलं. त्या दिवशी मला काहीही चाललं असतं.

घरी आल्यावर बाबांना ओरडून सांगितलं, "आता भिंतीवरचं बटण दाबायचं! हे नुसतं आवाजाचं!" त्यांनी मान डोलावली. ते हल्ली सगळ्यालाच मान डोलावतात. मी रेडिओ लावला, आवाज अर्ध्यावर ठेवला. खरखर गेली होती.

"बघ!" बाबा टेचात म्हणाले. "शब्द न् शब्द येतोय. दे ते यंत्र परत करून."

झालं, मी हरले. हुज्जत घालायचं त्राण नव्हतं. झोपताना सवयीने भिंतीवरची सगळी बटणं बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आले तर बाबा रेडिओसमोर बसलेले. मान डोलत होती, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. घर मात्र चिडीचूप. मी भिंतीकडे पाहिलं. बटण बंदच होतं.

"ये ये," बाबा म्हणाले. "काय सुरेख गातोय बघ."

आधी राग आला, मग एकदम रडूच आलं. माझ्या बापाला त्या एवढ्याशा यंत्राची इतकी धास्ती होती, आणि मी पैजा लावत बसले होते.

मी बटण दाबलं. बाबांची नजर माझ्या हाताबरोबर भिंतीपर्यंत गेली. बोटं थांबली. थोड्या वेळाने व्हॉल्व्ह तापले आणि कुणीतरी बातम्या सांगू लागलं. बाबांनी पुढे वाकून पेटीच्या जाळीवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बंद होता?"

मी होकाराची मान हलवली.

"सकाळपासून?"

पुन्हा मान हलवली. ओरडायची गरजच पडली नाही.

बाबा उठले. खण उघडून त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि कान पुढे केला. मी ते नीट बसवलं, रेडिओ बंद केला आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, जेवायला वाढू?"

ते दचकून मागे सरले.

"अगं, केवढ्यानं ओरडतेस!"

मी आवाज आणखी उतरवायला गेले, पण रोज ओरडणाऱ्या घशाला ते जमेना.