बिनकठड्याचा पूल

आमच्या घरात गेमिंगची सुरुवात मी केली, हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली कोणी विचारत नाही. टीव्हीला वायर जोडून पांढऱ्या ठिपक्याला चेंडू समजून मारायचे ते दिवस होते, तेव्हापासून मी खेळतोय. मुलाला मांडीवर बसवून कंट्रोलर धरायला मीच शिकवलं. तो आज दातांचा डॉक्टर आहे आणि त्याचा हात जराही हलत नाही. याचं श्रेय तो कॉलेजला देतो.

नोकरी मात्र मी इमारत निरीक्षकाची केली. जिने, कठडे, खिडक्या आणि पाण्याच्या टाक्या तपासण्यात उभा जन्म गेला. निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तर जेवणं झाली की मुलगा, सून, नात आणि मी मिळून विटांचा गेम खेळायचो. एकच गाव, त्यात ज्याला वाटेल ते त्याने बांधायचं. पण वाटेल ते याला काही मर्यादा? मुलाने बुरूज बांधला, त्याच्या जिन्याला कठडा नाही. सुनेने वाचनालय बांधलं, तर बाहेर पडायला एकच दार. नातीचा तबेला इतका कोंदट, की घोड्याला बोलता येत असतं तर तो तक्रार घेऊन माझ्याकडे आला असता. मी सगळीकडे लाल पाट्या लावल्या, "बांधकाम थांबवा." नातीचा पूल मधल्या खांबाशिवायच उभा होता. तो मी पाडून टाकला.

"आजोबा, या गेममध्ये विटा पडत नाहीत," ती म्हणाली.

"आज पडत नाहीत," मी म्हणालो.

मग एकाएकी सगळ्यांना कामं निघाली. मुलाची पाठ धरली होती, सुनेचं डोकं दुखत होतं, नातीचा अभ्यास उरला होता. मी आमच्या खोलीत बसून गावात एकटाच फिरायचो. कठडे, दारं, खांब सगळं नियमात होतं आणि चिटपाखरूही नव्हतं. पलीकडच्या दिवाणखान्यातून मात्र तिघांच्या हसण्याचा आवाज यायचा. पाठ धरलेला माणूस असा हसत नाही.

एका सकाळी मी दिवाणखान्यातलं मशीन चालू केलं. त्यावर शेवटचं उघडलेलं गाव दिसतं. नाव होतं "मोकळं गाव", आणि खाली आत येण्याचा कोड. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याने यांना खेळायला शिकवलं, त्यालाच यांनी गावाबाहेर ठेवलं होतं. भांडायला गेलो असतो, पण भांडून फार तर तिसरं गाव निघालं असतं. मला त्यांच्यात बसायचं होतं. म्हणून मी नवं खातं काढलं, डोक्यावर पिवळी टोपी चढवली, नाव घेतलं "पाहुणा", आणि आमच्या खोलीचं दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून आत शिरलो.

"कोण?" मुलाने पडद्यावर लिहिलं.

"पाहुणा," मी लिहिलं.

"माझ्या ओळखीचे आहेत. येऊ द्या," नातीने लिहिलं.

अनोळखी माणसाची अशी हमी घेणाऱ्या पोरीला चांगलं खडसवायला हवं होतं. पण खडसवणार कोणत्या तोंडाने?

पाहुणा झालो म्हणजे तोंडाला कुलूप आलं. एक शब्द जास्त झाला असता तर हेही गाव हातचं गेलं असतं. मी विटा वाहिल्या, सांगतील तिथे खड्डे खणले, आणि कोणी काही दाखवलं की फक्त लिहिलं, "छान." सुनेची गच्ची छान. नातीचं तिरकं घर छान. मुलाच्या नव्या मनोऱ्याला जिनाच नव्हता, नुसती शिडी होती, तोही छान. बायको त्याच खोलीत शब्दकोडं सोडवत बसलेली असायची. मधूनच माझ्याकडे बघून मान हलवायची. माझ्या संयमाचं तिला कौतुक वाटत असणार.

आणि खरं सांगतो, मजा येत होती. "पाहुणे, इकडे या, हे बघा," म्हणून मुलगा मला बोलवायचा. एकदा त्याने लिहिलं, "तुमच्याशिवाय हे जमलं नसतं." मी चष्मा काढून पुसला. बाप म्हणून हे वाक्य कधी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

मग नातीने पुन्हा पूल बांधला. खाली उकळता लाव्हा, वर एका विटेच्या रुंदीची वाट, आणि कठड्याच्या नावाने शून्य. उद्घाटन तिचे बाबा करणार होते. जमवून जमवून केलेलं सोन्याचं चिलखत चढवून माझा मुलगा पुलावर चढला. माझी बोटं शिवशिवत होती. लिहिलं तर पाहुणा गेला, न लिहिलं तर मुलगा गेला. मी मूग गिळून बसलो.

मधोमध येऊन तो वळला, पाहुण्याकडे बघून हात हलवला आणि चिलखतासकट खाली गेला.

"तरी मी सांगत होतो," मी ओरडलो.

ओरडलो आणि जीभ चावली. हेडफोन काढला. पडद्यावर नातीची अक्षरं उमटली, "हो पाहुणे, पूल बांधायला घेतल्यापासून सांगताय."

मी बायकोकडे पाहिलं.

"अहो, कानांवर ते चढवलं की तुम्ही मोठ्याने बोलता," ती कोड्यातून मान वर न काढता म्हणाली. "शिडी पडेल, गच्चीला उतार नाही, घर आहे की घसरगुंडी. पहिल्या दिवसापासून सगळं घर ऐकतंय."

मी दिवाणखान्यात गेलो. तिघं सोफ्यावर ओळीने बसले होते.

"ठाऊक होतं, तर हाकललं का नाही?" मी विचारलं.

मुलाने कंट्रोलर खाली ठेवला. "बोलायचात नेहमीचंच. पण लिहायचात 'छान'," तो म्हणाला. "तुमच्याकडून ते कधी आलं नव्हतं, बाबा. खोटं तर खोटं."

मला ते फार लागलं.

"मनोरा खरंच छान होता," मी शेवटी म्हणालो. "शिडी सोडून."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने, पण सवयीने आमच्याच खोलीत बसून, हेडफोन चढवून त्या गावात गेलो. लाल पाट्या जुन्या गावात ठेवल्या होत्या. मुलगा पुलापाशी वाट बघत उभा होता. त्याने पुलाला दोन्ही बाजूंनी कठडा घातला होता, कोणी न सांगता, माझ्यासाठी. मी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"छान," मी लिहिलं, आणि या वेळी मनापासून लिहिलं.

भिंतीपलीकडून नातीचा आवाज आला, "आजोबा, किती विटा कमी आहेत म्हणालात?"