टपालाने आलेला खुंट

झाड विकत घ्यायचे तर आधी त्याची मान पाहावी, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता. मान म्हणजे खोड जिथे मातीत शिरते ती जागा. तिथे बोट फिरवायचे, नखाने साल किंचित खरवडायची, आतला हिरवेपणा पाहायचा आणि मगच रोपवाल्याशी बोलायला तोंड उघडायचे. मी आयुष्यभर तसेच केले. त्यामुळे माझ्या सुनेने छापील पुस्तिकेतले चित्र पाहून टपालाने संत्र्याचे कलम मागवले, तेव्हा अंगावर पाल पडावी तसे मला झाले. न पाहिलेले, न हुंगलेले झाड कोणी घरात आणते का?

निमित्त परसातल्या जुन्या संत्र्याचे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचे ते झाड मी माझ्या हाताने केलेले. माहेरच्या झाडाचा डोळा आणून मी तो जंगली खुंटावर, म्हणजे काटेरी रानरोपाच्या खोडावर, भरला होता. डोळा म्हणजे पानाच्या देठाच्या बगलेत असलेली फुगीर गाठ, जिच्यातून कोंब फुटतो. ती सालीसकट तासून दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायची. माहेरचे ते झाड आज नाही आणि ते घरही नाही. तशा पातळ सालीचे, किंचित आंबूस फळ मला पुन्हा कुठल्याही बाजारात दिसलेले नाही. गेल्या वर्षी आमच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, आणि ते गेलेच असे धरून सुनेने परस्पर नवे मागवूनही टाकले.

टपालवाल्याने खोके उंबऱ्यावर ठेवले आणि हात पँटला पुसला. "आजी, आत काही मेलंय का हो? तीन दिवस आमच्या ऑफिसात वास मारतोय."

"मेलंय की नाही ते आता कळेल," मी म्हटले.

खोके खालून ओले होऊन फाटले होते. सुनेने कात्री लावताच जो भपकारा आला, तो फुलदाणीतल्या महिनाभराच्या पाण्याचा होता. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळे काळी पडून बुळबुळीत झाली होती. पाने बोट लावताच हातात विरघळत होती. खोडाला रबराने करकचून बांधलेल्या लेबलावर मात्र नारळाएवढे, चकचकीत संत्रे छापलेले होते. सोबत ठळक अक्षरांतले पत्रही होते. "अभिनंदन, निसर्ग आपल्या दारी आला आहे." मी ते पत्र चिमटीत धरून कचऱ्यात टाकले आणि साबणाने दोनदा हात धुतले.

"प्रवासात थोडं कोमेजलंय, आई," सून म्हणाली. "पाणी दिलं की धरेल."

"कोमेजणं आणि सडणं यात फरक असतो, सूनबाई."

तिने ऐकले नाही. सडकी मुळे कापली, मोठ्या पिंपात माती भरली आणि ते लावले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती त्या काटकीपुढे उभी राही. मुलगा ऑफिसला जाताना तिला विचारी, "काय, पेशंट कसा आहे?" मी खिडकीतून पाहत असे आणि मला त्या दोघांच्या भोळेपणाचीही शिसारी येई.

महिन्याभराने ती धावत आत आली. "आई, फूट आली. चला ना, बघा तरी."

मी गेले. फूट खरोखर जोमदार होती, पण मला ती पाहावी लागली नाही, हातालाच कळले. कलमाच्या सांध्याची गाठ जिथे होती त्याच्या वर खोड काडीसारखे वाळले होते. फूट गाठीच्या खालून आली होती आणि तिला बोटभर लांबीचे काटे होते. वरचे संत्रे मेले होते. जगला होता तो खालचा जंगली खुंट. त्याला येणारे फळ इतके कडू असते, की पाखरेही चोच लावून सोडून देतात.

हे मी त्याच वेळी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. चार दिवस मी तिला त्या काट्यांना हौसेने पाणी घालू दिले आणि पाचव्या दिवशी, मुलगा जेवायला बसला असताना सांगितले.

सुनेचा घास हातातच राहिला. "तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"मला ते खोक्याच्या वासावरूनच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं होतं का मागवताना?"

मुलाने पाण्याचा पेला उगाच सरकवला. सून उठून गेली. तिने कंपनीला फोटोसकट तक्रार पाठवली. त्यांचे उत्तर आठवड्याने आले. ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवले, कारण अलीकडे बारीक अक्षर वाचायचा मला कंटाळा येतो. निदान मी तसे सांगत होते. "आपण पाठविलेल्या छायाचित्रात झाड जिवंत व निरोगी दिसत आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." वाक्यरचना शुद्ध होती, एवढेच त्या लबाडांबद्दल चांगले म्हणता येईल.

"उपटून फेकते आता," सून म्हणाली.

"राहू दे," मी म्हटले. "पाहू."

त्या वेळी माझ्या मनात काही योजना होती असे म्हणणे खोटे ठरेल. जिवंत मूळ उपटायला माझा हात धजत नाही, एवढेच खरे.

पुढच्या पावसाळ्यानंतर जुने झाड शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर कलले. बुंध्याची साल सोलून पाहिली तर आत तपकिरी लगदा होता, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्या दिवशी मला अन्न गेले नाही.

"आई, शनिवारी लाकूडतोड्या येतोय," मुलगा म्हणाला. "आता त्यावर चर्चा नको."

मी चर्चा केली नाही. झाडाची एकच फांदी हिरवी उरली होती. शनिवारी करवत चालू होण्याआधी मी तिचा शेंडा कापून घेतला. वीतभर काडी, तिच्यावर भरण्याजोगे तीन डोळे. माहेर, माझी चाळीस वर्षे आणि खिडकीसमोरची ती सावली, यांतले एवढेच शिल्लक होते. ती काडी मी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सुनेला पिंपाजवळ बोलावले. कंपनीचा तो जंगली खुंट आता बोटाएवढा जाड झाला होता.

"नीट ऐक," मी म्हटले. "काडीवरचं पान छाटायचं, पण देठ ठेवायचा, धरायला. देठ खाली, डोळा वर. काडीवर होता तसाच खुंटावर बसला पाहिजे. उलटा बसला की गेला. तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचं. अलगद गळून पडला तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला तर मेला. आणि मी काम करत असताना मधे बोलायचं नाही. हात हलतो."

"बरं."

चाकू सासूबाईंचा होता. त्याला माझ्याखेरीज कोणी हात लावत नसे. खुंटावर मी उभी आडवी चीर दिली, साल उचकटली, पहिला डोळा तासून आत सरकवला. सुनेने मेणकापडाची पट्टी गुंडाळली. थोडे वर दुसरा भरला. पट्टी बांधताना तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, ओठ हलले, मिटले.

"काय आहे?"

"काही नाही."

मी तिसरा डोळा तासला. शेवटचा. तो चिमटीत धरून चिरेपाशी नेला आणि तिने माझे मनगट धरले. या घरात इतक्या वर्षांत माझे मनगट कोणी धरलेले नव्हते.

"आई, देठ वर आहे."

"काहीतरीच बोलू नकोस."

"देठ वर आहे. आधीच्या दोन्हींचाही वरच होता."

मी डोळा नाकाशी आणला. हिरव्यात हिरवे, कडा नसलेले, धुक्यातून पाहावे तसे दिसले. गेली दोन वर्षे सगळे असेच दिसत होते आणि मी ते चष्म्यावर, दिव्यावर, छापखान्यांवर ढकलत आले होते. मग मी अंगठ्याने चाचपले. देठ वर होता.

"पहिल्याच वेळी का बोलली नाहीस?"

"बोलायचं नाही म्हणालात ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. "या घरात तुम्हाला चुकलं म्हणायची कोणाची टाप आहे?"

चार दिवस काट्यांना पाणी घालणारी सून आणि खिडकीतून ते पाहणारी मी, दोघी मला त्या क्षणी आठवल्या. खोक्यातल्या त्या बुळबुळीत मुळांची जेवढी किळस आली होती, तेवढीच मला माझी आली. तिने तर माझे दोन डोळेच फुकट जाऊ दिले होते, आणि तेही माझ्याच हुकमाने.

मी चाकू तिच्यापुढे धरला. ती आधी घेईना.

"घे. बांधलेले दोन गेले, सोडले तर साल फाटेल. चीर नवी दे, खालच्या अंगाला. साल फाडायची नाही, उचलायची."

तिने चीर दिली, साल उचलली. तिला दिसत होते. डोळा बसला. पट्टी मी बांधली, कारण ते बोटांना कळते.

तीन आठवडे आम्ही दोघी पिंपाकडे गेलो नाही असे दाखवत रोज जात होतो. मग एका सकाळी ती म्हणाली, "आज."

वरचा देठ वाळून कोळसा झाला होता आणि घट्ट चिकटला होता. दुसराही. दोन्ही माझे. तिसऱ्याला मी बोट लावले. तो माझ्या नखावर येऊन पडला, पिवळा, हलका. त्याच्या जागी काय आहे ते मला दिसले नाही.

"हिरवा आहे?" मी विचारले.

"हिरवा आहे. टपोरा."

मी खोडाला अजून लटकत असलेले ते नारळाएवढ्या संत्र्याचे लेबल तोडून तिच्या हातात दिले. "हे आधी कचऱ्यात टाक. आणि हात धू."

"टाकते." ती जरा थांबली. "सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुमच्या मोतीबिंदूसाठी."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"किती वाजता?" मी विचारले.