पुसलेला शेरा

काम चोख करायचं आणि 'आपण इथे चुकून घुसलो' म्हणून धास्तावत राहायचं, अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. आमची ही प्रोग्रामर त्यातलीच. नोकरीला तीन वर्षं झाली, तरी आपलं पितळ आज ना उद्या उघडं पडणार, याची तिला पक्की खात्री!

रुग्णांना गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप ही तिच्या टीमची कामगिरी. त्याची नवी आवृत्ती दुपारी चारला लोकांच्या फोनवर जायची होती. सकाळी तिला दिसलं, की गोळीची वेळ बदलली तर नवी आठवण वाजतेच, पण जुनीही वाजते. तिने टीमच्या कामाच्या यादीत तसा शेरा लिहिला. टीमच्या प्रमुखांनी त्याखाली विचारलं, "नक्की?" झालं! आमच्या बाईंनी शेराच पुसून टाकला.

तीन वाजता चहाच्या यंत्रापाशी तिने हे मदतकक्षातल्या मावशींना सांगितलं. मावशी दिवसभर रुग्णांचे फोन घ्यायच्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तू स्वतः करून पाहिलंस?"

"दोनदा. दोन्ही वेळा तसंच झालं. पण मावशी, बाकीचे सगळे मोठमोठ्या कॉलेजांतले. आपली झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत दुसऱ्याची गोळी असेल तर ती उघडावीच लागते, बाळ! मला एका आजोबांचा रोज फोन येतो. अ‍ॅप वाजलं की ते गोळी घेतात. दोनदा वाजलं तर दोनदा घेतील. त्यांनी आधी तुझं कॉलेज विचारायचं का?"

तिला स्वतःचाच भयंकर राग आला. ती तडक प्रमुखांकडे गेली. तिने फोन टेबलावर ठेवला आणि त्यांच्यासमोर गोळीची वेळ पाच मिनिटं पुढे नेली. जुन्या वेळेची आठवण वाजली. पाच मिनिटांनी नवीही वाजली!

प्रमुखांनी आवृत्ती जागच्या जागी थांबवली. "मग शेरा का काढलात?"

"तुम्ही 'नक्की?' विचारलंत. वाटलं, माझंच चुकलं."

"अहो, तो भाग मला समजत नाही, म्हणून विचारलं! त्यातलं तुमच्याइतकं इथे कुणालाच कळत नाही."

 ती खुर्ची ओढून दुरुस्तीला बसली.

मंडळी, स्वतःबद्दल शंका कुणाला नसते? खुशाल असू द्या. पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगताना त्या शंकेला आड येऊ देऊ नका. आपण गप्प बसतो आपली अब्रू राखायला, आणि भोगतं मात्र कुणीतरी तिसरंच.