दीड मिलिमीटर

"बूट नंतर काढ, आधी गाडी बघू दे," म्हणत कुवाहारासान घरातल्या सपाता घालूनच अंगणात उतरले.

"अहो, सपाता!" तोगाशी म्हणाला.

"असू दे रे. सून बाजारात गेलीये. ओरडायला आहे कोण?"

संत्र्याच्या झाडाखाली ती चंदेरी गाडी उभी होती. चार दारांची, आटोपशीर. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन निम्मंनिम्म पडावं म्हणून इंजिन मुद्दाम मागे सरकवून बसवलेलं. बावीस वर्षांपूर्वी ती बाजारात आली, त्याच वर्षी तोगाशीने कंपनीच्या सवलतीत घेतली होती. आता सरकारी तपासणीची मुदत संपत आली होती आणि "या खेपेला एक येनही घालायचा नाही," असं त्याच्या बायकोने, हिसाएने, ठणकावून सांगितलं होतं.

"वळते अजून तशीच?" कुवाहारांनी विचारलं.

"अगदी तशीच. गुडघे माझे कुरकुरतात, हिचे नाही."

म्हातारा खुदकन हसला. तोगाशीने काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "कुंपण काय सुरेख कापलंय तुम्ही!"

"मी कुठलं कापतोय! माळी येतो. माझा हात सरळ चालत नाही बाबा, तुला तर ठाऊकच आहे."

तोगाशीचा हात कोटाकडे गेला. आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. कुवाहारांच्या निवृत्तीच्या समारंभाला तो हाच कागद घेऊन गेला होता. त्यांची बायको गेली तेव्हाही नेला होता. दोन्ही वेळा तसाच परत आणला. आज मात्र सांगायचंच, असं ठरवून तो दोन तास गाडी चालवत आला होता.

ही गाडी पत्र्यात उतरायच्या आधी मातीत घडली होती आणि ती घडवली होती कुवाहारांनी. मेणासारखी तपकिरी माती भट्टीत ऊन करायची, सांगाड्यावर थापायची आणि खरवडणीने खरवडत खऱ्या मापाची अख्खी गाडी उभी करायची. मातीला हात लावणारे दहा जण होते, पण शेवटचा हात त्यांचाच. पांढरा सुती हातमोजा चढवून, डोळे मिटून ते गाडीच्या अंगावरून तळवा फिरवत. मोठे मोठे साहेब तेवढा वेळ गप्प उभे राहत.

तोगाशी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, दोन मजले वर, मापांच्या खात्यात. मातीवरचे हजारो बिंदू मोजून यायचे. त्यांतून साच्यांसाठी नेमके आकडे तयार करायचे आणि खाली आपला शिक्का मारायचा, हे त्याचं काम. एका संध्याकाळी त्याला दिसलं, की खिडक्यांखालून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाणारी ती खांद्याची रेघ मागच्या दाराशी किंचित वर फुगली आहे. जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणजे खरवडताना हात घसरला, असं तो धरून चालला.

खरं तर खाली जाऊन विचारायचं. पण कुवाहारांसारख्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुमची चूक झाली? शिकाऊ कारागिरांसमोर त्यांची मान खाली गेली असती. म्हणून आदरापोटी, हो, आदरापोटीच, त्याने ती चूक परस्पर पोटात घातली. आकड्यांत रेघ सरळ केली आणि शिक्का मारला. त्या दिवशी घरी जाताना आपण फार मोठं पुण्य केलं असं वाटत होतं त्या मूर्खाला! आठवड्याभरात ती माती फोडून पुन्हा भट्टीत घातली गेली, ताडून बघायला काही उरलं नाही.

पहिली गाडी उन्हात आली आणि तोगाशीच्या पायाखालची जमीन सरकली. गोलसर अंगावर लांबलचक सरळ रेघ ओढली, की डोळ्यांना ती मध्येच ढिली पडल्यासारखी दिसते. म्हणून ती जराशी उचलावी लागते. मातीतल्या पोराटोरांना हे ठाऊक होतं, आकड्यांतल्या तोगाशीला नव्हतं. गाडी धावायला झकास, पण मासिकवाल्यांनी लिहिलंच, की पुढून खेळाडू, मागून दमलेला.

बैठक बसली. "आकडे मातीवरूनच घेतलेत," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना कुवाहारांकडे वळल्या. ते उठले, कमरेत वाकले.

"रेघ मी उचलली होती. शेवटच्या सफाईत माझ्याच हातून खरवडली गेली असणार. क्षमा असावी."

टेबलाच्या टोकाला तोगाशी तोंडात मिठाची गुळणी धरून बसून राहिला. कुवाहारांना सगळं कळलंय, मोठ्या मनाने ते आपल्याला पाठीशी घालताहेत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. महिन्याभरात कुवाहारांनी आपण होऊन सुट्या भागांच्या गोदामात बदली मागून घेतली, तरी त्याने ती समजूत सोडली नाही. तिच्याच आधारावर बावीस वर्षं ढकलली.

आता त्याने कागद बाहेर काढला.

"कुवाहारासान, तुम्हाला ठाऊक आहेच, पण आज तोंडानं सांगतो. ती रेघ मी सरळ केली होती."

"कुठली रेघ?"

"मागच्या दाराची. फुगवटा मापात आला होता. मला वाटलं हात घसरला तुमचा, म्हणून मी… मीच काढून टाकला."

म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मातीवरून घेतलेल्या जुन्या छापील आकड्यांवरून बोट हळूहळू खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं.

"एक पूर्णांक चार," ते म्हणाले. "म्हणजे होता."

"होता."

"मी खरवडला नव्हता?"

"नाही, कुवाहारासान. तुम्हाला… ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार? आकडे कधी खोटे निघतात का?"

तोगाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने मातीत कपाळ टेकलं.

"ऊठ, ऊठ. कपडे मळतील. शेजारीण बघतेय." कुवाहारांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "पुढची गाडी घडवायला मलाच देत होते ते. मोठी गाडी. मीच नको म्हटलं. खरवडणी धरली की हात थरथरायचा. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही हाताला. मी म्हटलं, ह्याला काय कळतंय!"

"शिव्या द्या मला. दोन थोबाडीत द्या."

"आता देऊन काय रे? विचारायचं होतंस. दोन मजले तर उतरायचे होते."

मग ते गाडीपाशी गेले, डोळे मिटले आणि उजवा तळवा मागच्या दारावर ठेवून सावकाश पुढे सरकवला. एका जागी हात थांबला.

"इथं. दीड हवा इथं."

"एक पूर्णांक चार," तोगाशी सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"दीड. मी दीडच ठेवला होता. निवताना माती तेवढी बसते." त्यांचा आवाज अगदी गोदामाआधीच्या दिवसांतला होता.

चहा राहूनच गेला. कुणी आठवणही काढली नाही.

पाहुण्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभं राहायचं, ही कुवाहारांची जन्माची रीत. निघाल्यावर आरशात तोगाशीने पाहिलं, तर म्हातारा गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, त्याच सपाता घालून. पण तो वाकत नव्हता, हातही हलवत नव्हता. कागद काखेत धरून त्याने उजवा हात डोळ्यांसमोर आणला होता आणि तो उलटसुलट करून बघत होता. तोगाशीला थांबावंसं वाटलं, पण थांबून म्हणणार काय? तेवढ्यात वळण आलं. गाडी नेहमीसारखी झकास वळली आणि आरसा रिकामा झाला.