कुंडीच्या आकाराची मुळं

वनखात्याच्या अहवालात म्हटले होते की, तापमान वाढल्याने उंच निवडुंग आपणहून डोंगरावर सरकला आहे, सबब पायथ्याच्या राखीव रानाची आता गरज उरलेली नाही. झाडांनी इतक्या तत्परतेने सरकारची सोय पाहिल्याचे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या वाचनात कधी आले नव्हते. खात्याच्या संचालकांची सही झाली की पायथ्याशी खाणीचे बुलडोझर लागणार होते, आणि बी धरणारी जुनी झाडे आता फक्त तिथेच उरली होती.

तिने डोंगरावरून उपटलेले रोप संचालकांच्या टेबलावर ठेवले. संचालक म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

"भाऊजी, बी रुजून आलेल्या निवडुंगाची मुळं चहूकडे पसरतात. ही हुबेहूब कुंडीच्या आकारात गोल फिरलीत. निवडुंग डोंगर चढला, तो कुंडी पायात घालून?"

"मेहुणीबाई, ऑफिसात तरी माझी फिरकी घेऊ नका." ते हसले, पण उघडलेले पेन कागदावर टेकेना.

"सही करा खुशाल. आधी एवढंच सांगा, वर आपणहून किती उगवली?"

त्यांनी पेन खाली ठेवले.

"एकही नाही. खालची करपायला लागली, म्हणून रोपवाटिकेतली वर नेऊन मीच लावली. तिथेही तीनदा उन्हानं जळाली. तू आणलंस ते चौथ्या खेपेचं आहे."